बुधवारची काळीपांढरी भांडणं

इंग्रजी बोलताना माझा वेग वाढतो, असं ऑफिसमधले लोक म्हणतात. मी एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करते. गोळ्यांचे नमुने काढायचे, तपासायचे आणि ते नापास झाले की बनवणाऱ्यांशी वाद घालायचा, असं त्या कामाचं स्वरूप आहे. मराठीत वाद घालायला शिकावं लागत नाही, पण हा इंग्रजीत घालावा लागतो. एकदा असाच एक वाद मी जिंकल्यावर समोरचा तरुण मुलगा रागवायचा सोडून विचारात पडला. तू इंग्रजी कुठे शिकलीस, तू माझ्या पणजीसारखी बोलतेस, असं तो म्हणाला. मी त्याला खरं ते सांगितलं. टीव्हीवर शिकले.

लग्न करून अमेरिकेत, कॅरी गावात आले तेव्हा मला काम करायची परवानगी नव्हती. फार्मसीची पदवी बॅगेत होती आणि बॅग कपाटावर होती. गाडी एकच, ती नवरा सकाळी घेऊन जायचा. या गावात गाडी नसलेला माणूस घरातल्या फर्निचरमध्येच जमा होतो. इंग्रजी सुधारावं म्हणून मी टीव्ही लावायचे. आधी बातम्या पाहिल्या. पण बातम्यांत एका वेळी एकच जण बोलतो आणि वाक्य पूर्ण करतो. असं इंग्रजी मला पुढे कुठेच भेटलं नाही. मग एका चॅनेलवर जुने काळेपांढरे विनोदी सिनेमे सापडले, तीस-चाळीसच्या दशकातले. त्यात सगळे एकदम बोलत होते, कुणी कुणाचं ऐकून घेत नव्हतं, आणि तरी सगळ्यांना सगळं कळत होतं. मला सोलापूरचं माहेर आठवलं आणि मी तिथेच थांबले.

या सिनेमांना इकडे स्क्रूबॉल म्हणतात. बेसबॉलमध्ये त्या नावाचा एक चेंडू आहे, तो अपेक्षेच्या उलट्या बाजूला वळतो. आपल्याकडच्या गुगलीचा चुलतभाऊ म्हणा. सिनेमाही तसाच वळतो. एक मुलगी असते, श्रीमंत, हट्टी, जिला कधी कुणी नाही म्हटलेलं नाही. एक पुरुष असतो, हुशार, कामात बुडालेला, ज्याला तिच्याशी काही देणंघेणं नाही. मग एखादी बॅग बदलते, कुणीतरी चुकीच्या खोलीत शिरतं, एखादा प्राणी मोकळा सुटतो, आणि दोघांना तासभर एकमेकांशी भांडत गावभर पळावं लागतं. शेवटी लग्न होतं. पण लग्नानंतर हे दोघे शांत बसतील, असं कुणालाच वाटत नाही, सिनेमा काढणाऱ्यालाही नाही. मला तो प्रामाणिकपणा आवडायचा. प्रेमाची कबुली देणारी लांबलचक भाषणं त्यात नाहीत. ज्याला प्रेम आहे तो भांडायला परत येतो, एवढीच खूण.

पुढे कामाचा परवाना आला, नोकरी आली, मुलगी झाली, दुसरी गाडी आली. ते सिनेमे सुटले.

सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या त्याला आता दोन वर्षं होतील. सासरे गेल्यावर त्या कऱ्हाडच्या घरात एकट्या होत्या आणि नवरा एकुलता एक. त्याआधीची वीस वर्षं आमचं नातं फोनवर आणि अधूनमधूनच्या भेटींत चाललं होतं. बरं आहे ना, बरं आहे, काळजी घ्या, तूही घे. दोघींनी एकमेकींना कधी दुखावलं नव्हतं, कारण तेवढं जवळ कुणी आलंच नव्हतं. आता एका स्वयंपाकघरात दोन सभ्य बायका आल्या. तुमचं होऊ दे आधी. नाही, तुझं होऊ दे, तुला ऑफिस आहे. एवढं होईपर्यंत चहा उतू जायचा आणि मग दोघी ओटा पुसायला धावायच्या, तिथेही परत तेच.

त्यांचा दिवस लांब होता. पातळ नेसून, खाली बूट घालून त्या रस्त्याच्या टोकापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. शेजारी गाडीतून हात हलवायचे. नात प्रेमळ आहे, पण मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देते आणि तेही जिना चढता चढता. एकदा नवऱ्याने त्यांना विचारलं की, आई, करमतं ना? त्या म्हणाल्या, हो, दारात ठेवलेल्या पार्सलला करमतं तसं. नवरा हसला. मी हसले नाही. मला पार्सल झाल्याचा अनुभव होता.

मी भावनेपेक्षा व्यवस्थेवर विश्वास ठेवते. लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले होते तेव्हा दारावर लावलेलं पत्रक पाहिलं. दर बुधवारी दुपारी मागच्या हॉलमध्ये जुने विनोदी सिनेमे, फुकट. बुधवारी मी घरून काम करते. सासूबाईंना हॉलमध्ये बसवायचं, आपण बाहेर टेबलावर लॅपटॉप उघडायचा, असं ठरवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, हे मला माहीत होतं. पण ज्यांना येतं त्यांनाही या सिनेमातलं अर्धंच कळतं, हेही माहीत होतं.

ते सिनेमे दाखवणारी बाई ऐंशीच्या पुढची होती. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, त्यामुळे पाठ ताठ आणि आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा. सिनेमाआधी ती उभी राहायची आणि एवढंच म्हणायची की, हा मी पाहिलेला आहे, तुम्ही पाहिला नसेल तर तुमचा मला हेवा वाटतो. मग दिवे घालवायची. समोर पाच-सहा पांढरी डोकी असायची.

पहिल्या बुधवारी मी सोबत म्हणून आत बसले. दहा मिनिटं झाली असतील, सासूबाई बोलायला लागल्या. हळू नाही, घरात मालिका बघताना बोलतात तशा. अरे, ती दाराआड आहे. याला दिसत कसं नाही. बाई, तू ती टोपी आधी काढ. मी कुजबुजून त्यांना गप्प बसायला सांगितलं. त्या गप्प झाल्या आणि दोन मिनिटांत परत सुरू झाल्या. पुढचे आजोबा मागे वळले. मी कानापर्यंत लाल झाले.

दिवे लागल्यावर ती बाई सरळ आमच्याकडे आली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने विचारलं की, या काय बोलत होत्या ते सांग. मी सांगितलं. ती म्हणाली, तरीच. दर वेळी त्या बरोबर दोन सेकंद आधी बोलत होत्या. तिच्या लहानपणी थिएटरात सगळेच बोलायचे, गप्प बसायची पद्धत नंतर आली, असंही तिने सांगितलं. पुढचे आजोबा थांबून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं की, टोपीचं काय म्हणाल्या?

परतताना गाडीत सासूबाई बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "ती मुलगी उलट उत्तरं देते."

"हो."

"तरी तो तिच्या मागे येतो."

"हो, आई."

"म्हणजे उत्तरांसाठीच येतो तो." पुढच्या सिग्नलला म्हणाल्या, "तुझी आमटी गोड असते."

वीस वर्षं प्रत्येक भेटीत त्यांनी माझ्या आमटीला छान म्हटलं होतं. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला, तेव्हा मी भानावर आले. मी म्हटलं, "तुम्ही ताटात आधी चटणीचा डोंगर करता, मग आमटी गोडच लागणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत प्रथमच नीट पाहिलं असावं. आणि हसल्या.

तेव्हापासून आमच्या घरात भांडणं सुरू झाली. कुकरच्या शिट्ट्यांवरून, कोथिंबिरीच्या देठांवरून, नवऱ्याला लहानपणी जास्त लाडावलं कुणी यावरून. नवरा आधी घाबरला. मला बाजूला घेऊन म्हणाला की, काही झालंय का, मी बोलू का आईशी? मी त्याला सांगितलं की, तू मध्ये पडलास तर दोघी मिळून तुझ्यावर येऊ. चहा उतू जायचा थांबला, कारण जिला आधी पाहिजे ती आता आधी घ्यायची.

बुधवार त्यांनी कधी चुकवला नाही. मंगळवारी संध्याकाळी पातळ काढून ठेवायच्या. बस चालवणारी बाई आणि त्या यांची मैत्री झाली होती, आणि ती कुठल्या भाषेत झाली ते मला सांगता येणार नाही. मी आपली बाहेर लॅपटॉप घेऊन बसायचे आणि दारातून हसण्याचा आवाज आला की कुठला प्रसंग असेल याचा अंदाज करायचे.

मग या शरद ऋतूत एके दिवशी सिनेमा संपल्यावर ती बाई मला म्हणाली की, लायब्ररीचे नवे व्यवस्थापक पुढच्या बुधवारी बघायला येणार आहेत. येणारी माणसं थोडी, सगळी म्हातारी, हॉल मात्र मोठा. खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर ही वेळ दुसऱ्या कशाला तरी देतील. तिने हे बसमध्ये घोषणा करावी तसं सांगितलं, पण सासूबाईंनी तिचा चेहरा पाहिला होता. गाडीत बसल्याबरोबर विचारलं. मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "बुधवार गेला तर मला इथे वार कशाला लागतात?"

मी गाडी सुरू केली. त्यांनीच पुढे विचारलं, "माणसं हवीत ना?"

"हो."

"मग आणू की माणसं. त्यात काय?"

माणसं होती. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, कायमचे राहिलेले आईवडील, सगळे आपापल्या घरात पार्सलसारखे ठेवलेले. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ज्येष्ठांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर सकाळी फुलं आणि दुपारी औषधांचे सल्ले येतात. मी त्यावर निमंत्रण टाकलं. आणि इथे घोळ झाला.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. पाचचा कार्यक्रम असला की निमंत्रणात चार लिहायचं. लोक तासभर उशिरा येतात हे सगळ्यांना माहीत, म्हणून तास आधीची वेळ लिहायची. ती खोटी असते हे येणाऱ्यांनाही माहीत, म्हणून ते आणखी निवांत येतात. गणपतीच्या कार्यक्रमांची निमंत्रणं मी किती वर्षं लिहिते आहे. हाताला वळण पडलं आहे. सिनेमा चारला होता. मी तीन लिहिलं.

मंगळवारी संध्याकाळी सासूबाईंनी लाडवांसाठी बेसन भाजायला घेतलं. मी सांगितलं की, हॉलमध्ये खायला परवानगी नाही. त्या म्हणाल्या, माणसं बोलवायची आणि हातावर काही ठेवायचं नाही, ही कुठली पद्धत. शेवटी असं ठरलं की डबा पिशवीतून बाहेर काढायचा नाही, सिनेमा संपल्यावर पार्किंगमध्ये वाटायचे. मग बेदाण्यावरून जुंपली. नवरा लाडवावरचा बेदाणा काढून ताटाच्या कडेला चिकटवून ठेवतो आणि तो खरवडायला मला लागतो, म्हणून मी बेदाणे नकोत म्हटलं. बेदाण्याशिवाय लाडू म्हणजे नुसता गोळा, असं त्यांचं म्हणणं. मी झोपायला गेले तेव्हा बेदाण्यांची बरणी ओट्यावरच होती.

बुधवारी माझी मीटिंग होती. यजमानांनी आधी हजर असावं म्हणून सासूबाई एका काकांच्या सुनेच्या गाडीतून पुढे गेल्या. मी चारच्या थोडं आधी पोचणार होते. हे काका नागपूरचे, रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले. मीटिंग सुरू असताना त्यांचा फोन आला.

"मॅडम, जय भीम. इथे एक कुत्रा आहे."

मी विचारलं की, कुठे?

"हॉलमध्ये. तुम्ही तीन लिहिलं, म्हणून आम्ही अडीचलाच लागलो ना प्लॅटफॉर्मला. तर इथे पोरं कुत्र्याले पुस्तकं वाचून दाखवून राहिले."

मला आधी वाटलं, काकांची तब्येत बरी नाही. मग आठवलं. सिनेमाच्या आधी त्याच हॉलमध्ये लहान मुलांचा कार्यक्रम असतो. ज्यांना मोठ्याने वाचायची भीती वाटते, अशा मुलांनी एका प्रशिक्षित कुत्र्याजवळ बसून वाचायचं. कुत्रा चुका काढत नाही. काकांना मी म्हटलं की, तुम्ही सगळे बाहेर थांबा. ते म्हणाले, "बाहेर कशाले? तुमच्या सासूबाई ऐकत बसल्या. पोरगं चांगलं वाचून राहिलं."

मंडळातला एकही माणूस वेळेवर आलेला मी पाहिलेला नव्हता. पण ते मुलगे आणि सुना. हे त्यांचे आईवडील होते. रेल्वे, शाळा, पोस्ट, दवाखाना असं आयुष्यभर घंटेवर चाललेले लोक. तीन म्हणजे तीन, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. सांगायला हवं होतं ते मला.

मीटिंगच्या चॅटमध्ये मी लिहिलं की, कुत्र्याचं काहीतरी झालंय, मला जावं लागेल. सगळ्यांनी लगेच काळजीचे निरोप पाठवले. आमच्याकडे कुत्रा नाही. पण या देशात मुलाच्या तापाला जेवढी सवलत मिळते तेवढी कुत्र्यालाही मिळते, आणि मी काही खोटं लिहिलं नव्हतं.

मी हॉलच्या दारात पोचले तेव्हा आत काय चाललं होतं ते क्रमाने सांगते. कुत्रा मोठा, सोनेरी केसांचा, तासन्तास न हलता पडून राहायचं शिक्षण घेतलेला. त्याच्या कामाच्या आयुष्यात तो पहिल्यांदाच हलला होता. सासूबाईंच्या खुर्चीखालच्या पिशवीत त्याने तोंड घातलं होतं. मनगट दुखतं म्हणून त्या डब्याचं झाकण घट्ट लावत नाहीत. आता झाकण एका बाजूला लोळत होतं आणि कुत्रा तोंडात लाडू धरून खुर्च्यांच्या रांगांमधून धावत होता. त्याच्या मागे त्याची मालकीण, तिच्यामागे मुलं, मुलांच्या मागे पदर खोचलेल्या दोन आज्या. काका खुर्चीवर उभे राहून दोन्ही हातांनी, कुणीकडून रस्ता मोकळा आहे ते दाखवत होते. बस चालवणारी बाई सिनेमाच्या मशीनशी उभी राहून मनापासून हसत होती. आणि दारात माझ्या शेजारी छातीशी टॅबलेट धरून एक तिशीतला नम्र माणूस उभा होता. व्यवस्थापकही लवकर आले होते.

कुत्र्याने लाडू गिळला आणि थांबला. मालकिणीने विचारलं की, त्यात काय होतं? मी सांगायला लागले, चण्याचं पीठ, तूप, साखर, वेलदोडा, आणि तिथे मला ओट्यावरची बेदाण्यांची बरणी आठवली. बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात. मी औषध कंपनीत काम करते, हे मला माहीत असतं.

मी सासूबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. "आई, खरं सांगा. बेदाणे लावले होते?"

त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही लावले. तू नको म्हणालीस ना."

"तुम्ही माझं कधीपासून ऐकायला लागलात?"

"काल एकदा ऐकलं. सवय नाही लावणार."

मी उरलेले लाडू बाहेर काढून एकेक फोडून पाहिले, कामाच्या पद्धतीप्रमाणे. एकातही बेदाणा नव्हता. मालकीण खाली बसली. कुत्रा डब्याकडे बघत होता.

व्यवस्थापक बोलायला लागले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त गंभीर वाटलं. हॉलमध्ये खाद्यपदार्थ आणायचे नाहीत हा नियम, मुलांच्या कार्यक्रमात इतरांनी शिरायचं नाही हा नियम, आणि असं असेल तर सिनेमाचा उपक्रम इथेच थांबवणं बरं, असं त्यांचं मत पडत होतं. सिनेमे काय, हल्ली घरीही बघता येतात, असं ते शेवटी म्हणाले. बस चालवणारी बाई हसायची थांबली.

सासूबाईंनी माझी बाही ओढली. काय म्हणतो तो? मी सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या, पातळ सारखं केलं आणि मराठीत व्यवस्थापकांशी बोलल्या. चांगलं मिनिटभर बोलल्या. मग मला म्हणाल्या की, सांग.

मी इंग्रजीत सांगितलं की, त्यांना घडल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं आणि त्यांना हा कार्यक्रम फार आवडतो.

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या. "मी जास्त बोलले होते. आणि माफी तर मागितलीच नव्हती. नीट सांग."

हॉलमध्ये सगळे आमच्याकडे बघत होते. मराठी न येणाऱ्यांनाही कळलं होतं की सुनेने काटछाट केली आहे. मी पदर खोचला असता, पण माझ्या अंगावर ऑफिसचं जॅकेट होतं. मी त्यांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं, माझ्या त्या जुन्या वेगवान इंग्रजीत.

त्यांचं म्हणणं असं होतं. "घरी दिसतो सिनेमा. माझी नात लावून देते आणि वर निघून जाते. पण एकटीला हसू येत नाही, ते कसं आणायचं ते सांगा. इथे माझ्या पुढे बसतात ते आजोबा आधी हसतात, मग मी हसते, मग या बाई. घरात मी हसले तर सून धावत येते, काय झालं म्हणून. आणि लाडू मी कुणाला दिला नव्हता. पिशवीत होता. नियम कुत्र्याने मोडला, त्याला विचारा."

व्यवस्थापकांनी कुत्र्याकडे पाहिलं. त्यांनी पाहायला नको होतं. कुत्रा मान तिरकी करून, वाचन ऐकायच्या शिकवलेल्या पद्धतीने, त्यांच्याकडे बघत होता. एक छोटी मुलगी खुदकन हसली. तिच्यामागून पुढचे आजोबा हसले, ते नेहमीप्रमाणे आपल्या वेळेला आले होते.

बस चालवणाऱ्या बाईने ती वेळ हेरली. काही न बोलता तिने दिवे घालवले. त्या दिवशी तिचं नेहमीचं वाक्यही नव्हतं. पडद्यावर संगीत वाजलं, अक्षरं धावली, आणि ज्याला जिथे जागा मिळाली तो तिथे बसला. मुलं खाली गालिच्यावर, त्यांच्या आया भिंतीशी, कुत्रा सासूबाईंच्या पायाशी, कारण डबा तिथे होता. लॅपटॉप गाडीतच होता, म्हणून मी आतच बसले.

पडद्यावर एक घोडा कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात शिरत होता. एक बाई टेबलाखाली लपली होती आणि तिथूनच नवऱ्यामुलाशी भांडत होती. माझ्या शेजारी सासूबाई सांगत होत्या, आता तो टेबलक्लॉथ ओढणार, बघा. काका आपल्या विदर्भी बोलीत त्यांना दुजोरा देत होते. मुलं त्यांचं काही न कळता त्यांच्या सुरावरून आधीच हसायला लागत होती. टेबलक्लॉथ ओढला गेला. एवढ्या वर्षांपूर्वी कुणीतरी, कुठल्यातरी स्टुडिओत, हा ओढण्याचा क्षण घड्याळाच्या काट्यावर बसवला असेल. त्यातले सगळे केव्हाच गेले. गंमत मात्र अजून वेळेवर येते. आमच्या मंडळाला जे जमलं नाही ते त्यांना जमलं होतं.

मी मागे वळून पाहिलं. व्यवस्थापक दाराला टेकून उभे होते. मघाशी छातीशी धरलेला टॅबलेट आता बगलेत होता. टेबलाखालची बाई बाहेर आली, केस सारखे केले आणि नवऱ्यामुलाला एकच वाक्य बोलली, तेव्हा ते हसले. तोंडावर हात धरून, पण हसले. पुढच्या वेळी पाहिलं तेव्हा ते खुर्चीत बसलेले होते.

सिनेमा संपल्यावर त्यांनी आपलं गांभीर्य परत चढवलं. ठरलं ते असं. बुधवार राहील. मुलांच्या वाचनानंतर लगेच सिनेमा सुरू करायचा, म्हणजे ज्या मुलांना थांबायचं ती थांबतील. खाणंपिणं बाहेरच्या व्हरांड्यातल्या टेबलावर, आणि प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं पाहिजे. मला हे पटलं. मी त्यांना लेबल कसं असावं ते दोन-तीन वाक्यांत समजावून सांगितलं. ते म्हणाले की, मी फार वेगात बोलते.

पार्किंगमध्ये उरलेल्या लाडवांचे तुकडे वाटले. काकांनी जाताना मला बाजूला घेतलं. "मॅडम, पुढच्या वेळी टाइम काय लिहिणार? खरा का तुमच्या मंडळाचा?"

मी म्हटलं की, खरा.

"मग मी अर्धा तास आधी येईन," ते म्हणाले.

गाडीत बसल्यावर सासूबाईंनी पट्टा लावला आणि पाय लांब केले. मी वाट पाहत होते. बोलतील काहीतरी, निदान आज माझ्या बेदाण्याच्या हट्टामुळे एक कुत्रा वाचला आणि बुधवारही, एवढं तरी.

त्या म्हणाल्या, "बेदाणा असता तर कुत्र्याने तोंडही लावलं नसतं. शहाणं जनावर आहे ते."

पहिल्या सिग्नलपर्यंत आम्ही त्यावर भांडलो, दुसऱ्या सिग्नलला विषय आमटीवर गेला, आणि घराच्या दारात गाडी लावली तेव्हा कोण जिंकत होतं ते नवऱ्याने दार उघडल्यामुळे ठरायचं राहूनच गेलं.

आता मी बुधवारी लॅपटॉप घरी ठेवते. आत, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसते. हे सिनेमे मी तरुणपणी एकटीने बघितले होते आणि मला वाटत होतं की मला ते पाठ आहेत. पण तेव्हा मी त्यातलं इंग्रजी ऐकत होते. परवा एका प्रसंगात मला राहवलं नाही आणि मी मोठ्याने म्हटलं, "अगं, ती बॅग त्याची नाही."

सासूबाईंनी पडद्यावरची नजर न काढता माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "गप्प बस. लोकांना ऐकू दे."